कर्म आणि क्रम

आपल्या वर्णमालेत शिवी होण्याचा मान एकाच अक्षराला मिळाला आहे. ‘ढ’. पोराला नुसतं ‘ढ’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. मास्तरांना, मामाला, शेजारच्या काकूंना सगळं समजतं. या शिवीमागची एक गोष्ट सांगतात. अशोकाच्या काळातल्या ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत दोन हजारांहून अधिक वर्षांत बाकीच्या अक्षरांनी रूपं पालटली, ‘ढ’ मात्र होता तिथेच राहिला; डोक्यावर रेघ आली तेवढीच. म्हणून वर्षानुवर्षं त्याच इयत्तेत बसणारा तो ‘ढ’. भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मानोत न मानोत, गोष्ट फक्कड आहे, आणि ब्राह्मीतला ढ खरोखरच आजच्या ढसारखा दिसतो. फक्त एक गंमत बघा. तो का बदलला नाही, याची चौकशी कुणी केली नाही. शिक्का मात्र मारून ठेवला. वर्गातल्या ‘ढ’च्या वाट्याला येतं ते यापेक्षा वेगळं नसतं.

चौकशी ज्याने केली असा एक माणूस इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्ड नावाच्या गावात डॉक्टर होता. डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन. ७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली. मुलाचं नाव पर्सी. तरतरीत, खेळात बरोबरीच्या पोरांना भारी. सात वर्षांचा असल्यापासून शाळा आणि शिकवण्या चालू होत्या, तरी छोटे छोटे शब्दसुद्धा तो चाचपडत वाचायचा. आकडे मात्र सरळ वाचायचा. ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्याने डॉक्टरांसमोर झटपट आणि बिनचूक केला. त्याचे शिक्षक म्हणत, सगळं शिक्षण तोंडी असतं तर शाळेतला सर्वांत हुशार मुलगा हाच ठरला असता. आणि या मुलाने स्वतःचं नाव लिहिताना ‘पर्सी’ऐवजी ‘प्रेसी’ लिहिलं. चूक त्याच्या लक्षातही आली नाही.

र जागेवरून हलला, एवढंच झालं. मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडे ‘कर्म’चं ‘क्रम’ असंच होतं.

वाचनातल्या अशा अडचणीला आज म्हणतात तो ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्याआधी नऊ वर्षं, १८८७ मध्ये, रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाच्या पुस्तकातून रूढ झाला होता. त्याचे रुग्ण मात्र मेंदूला इजा होऊन वाचन गमावलेले मोठे लोक होते. पर्सीला कसलीच इजा झालेली नव्हती, ही मॉर्गन यांच्या हकिगतीतली नवी गोष्ट. त्या काळी या दोषाला ‘शब्दांधळेपणा’ म्हणत. पुढे ग्लासगोच्या जेम्स हिन्शलवुड यांनी त्यावर बरंच लिहिलं. तेही डोळ्यांचेच डॉक्टर. मुलाला वाचता येत नाही म्हणजे डोळ्यांत काही असणार, हा समज तिथून जो चिकटला तो अजून सुटलेला नाही. आजही पालक पहिल्यांदा चष्म्याच्या दुकानात जातात. नजर तपासून घ्यावीच, पण ती बहुतेक वेळा चांगली निघते.

मग अडतं कुठे? पुष्कळ अंशी कानात. म्हणजे ऐकू येण्यात नव्हे. ऐकलेल्या शब्दाचे तुकडे मनातल्या मनात वेगळे करण्यात. बोलणं माणसाला आपोआप येतं, लिपी हा जेमतेम पाच हजार वर्षांचा शोध. वाचनासाठी मेंदूत जन्मतः राखून ठेवलेली जागाच नाही. फ्रान्सच्या स्तानिस्लास देहान यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की माणूस वाचायला शिकतो तेव्हा डाव्या मेंदूतला, एरवी चेहरे आणि वस्तू ओळखणारा एक भाग अक्षरांच्या कामाला जुंपला जातो आणि त्याची बोलीच्या केंद्रांशी नव्याने जोडणी होते. बहुतेकांची ही जोडणी दोन-तीन वर्षांत पक्की होते. डिस्लेक्सिया असलेल्यांची ती कष्टाने होते, आणि झाली तरी तिच्यावरची वाहतूक हळू चालते. हे बहुधा घराण्यात चालत आलेलं असतं. मुलाची लक्षणं सांगता सांगता बाप मध्येच थांबून ‘माझंही असंच होतं’ म्हणतो, असं मी अनेकदा ऐकलं आहे. अंदाज निरनिराळे असले तरी शंभरात पाच ते दहा मुलं अशी असतात, असं सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे चाळीसच्या वर्गात दोन ते चार. बुद्धीशी याचा संबंध नाही. मंद मुलालाही डिस्लेक्सिया असू शकतो आणि अव्वल मुलालाही.

चौथीतला एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. त्याला विचारलं, ‘कमळमधला क काढला तर काय उरेल?’ ‘मळ.’ लगेच आलं. ‘आता कीमधली ई काढ.’ तो गप्प. मग म्हणाला, ‘कीमधून काय काढणार? ती एकच आहे.’ त्याचं चूक नव्हतं. देवनागरी अक्षरागणिक चालते, त्यामुळे ‘की’ त्याच्यासाठी एक अखंड वस्तू होती. वर्गातल्या बाकीच्यांना त्या वस्तूच्या आतली फट दिसू लागली होती, याला नाही. नंतर मी त्याच्यासमोर बिनअर्थाचे शब्द ठेवले: टुमिक, गेबळ, नाशुप. पाठ्यपुस्तकातला धडा तो बऱ्यापैकी म्हणायचा, कारण अर्धा धडा तोंडपाठ होता आणि अर्धा चित्रांवरून कळायचा. ‘गेबळ’चं चित्र नाही. तिथे सोंग उघडं पडलं. ‘गे… गेळ… बगळा?’ वर बघून हसला. हुशार मुलं दुसरी-तिसरीपर्यंत अशी निभावून नेतात, म्हणून तर फार उशिरा सापडतात.

आता मराठीचं काय? ‘आपली भाषा जशी बोलतो तशी लिहितो, तेव्हा आपल्याकडे हा आजार नसणार,’ असं छातीठोकपणे सांगणारे शिक्षक मला भेटले आहेत. निम्मी गोष्ट खरी आहे. इंग्रजीत एकाच ‘ओयूजीएच’चे पाच-सहा उच्चार होतात, मराठीत ‘क’चा उच्चार ‘क’च. एराल्दो पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये इंग्रजी, फ्रेंच आणि इटालियन भाषक प्रौढांची तुलना केली. सरळ स्पेलिंगच्या इटालियनमध्ये डिस्लेक्सिया असलेले लोक कमी चुकत होते, पण मेंदूतली खोट तिघांची तीच होती. भाषा सोपी असली की दोष जात नाही, वेश बदलतो. मराठी मूल भलतंच वाचण्यापेक्षा फार हळू वाचतं. वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरतं.

शिवाय आपली लिपी म्हणतात तितकी भोळी नाही. ऱ्हस्व वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. घ-ध, भ-म, थ-य, प-ष यांच्यात एखादी गाठ किंवा फट इकडेतिकडे. आणि एकट्या ‘र’चे संसार किती! राम, कर्म, क्रम, ट्रक, वाऱ्यावर. प्रत्येक ठिकाणी नवा वेश, नवी जागा. ‘कर्म’मध्ये तो म्हणायचा ‘म’च्या आधी, बसतो मात्र त्याच्या डोक्यावर. बाराखडीचा तक्ता मोजला तर चारशेच्या वर चिन्हं होतात, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासात (२००७) दिसलं की अक्षरं शिकण्याचं काम पहिली-दुसरीत संपत नाही, पुढच्या इयत्तांतही चालूच राहतं. देवनागरीचा कारभार त्याच घराण्यातला. आपला अभ्यासक्रम मात्र जोडाक्षरं उरकून पुढे जातो आणि मग मागे वळून बघत नाही.

त्यात घराघरांतला मोठा प्रश्न: इंग्रजी माध्यम. इथे जपानमधल्या एका मुलाची आठवण काढतो. आईवडील इंग्रजी बोलणारे, मुलगा जपानात वाढलेला. १९९९ मध्ये ताएको वायडेल आणि ब्रायन बटरवर्थ यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. सोळाव्या वर्षी तो जपानी वाचनात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या तोडीचा होता आणि घरच्या भाषेत, इंग्रजीत, त्याचं वाचन अगदीच लंगडं. एकच मेंदू, एका लिपीत तरतो, दुसरीत बुडतो. म्हणून मुलाची तपासणी कोणत्या भाषेत केली, हा प्रश्न पालकांनी जरूर विचारावा. आपल्याकडे वर्षानुवर्षं चाचण्या इंग्रजी धाटणीच्या होत्या. २०१५ मध्ये हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचा तपासणी संच काढला. तो इंग्रजीखेरीज हिंदी, मराठी आणि कन्नडमध्ये आहे. शिक्षकांसाठी प्राथमिक चाळणी, मानसशास्त्रज्ञांसाठी सविस्तर चाचण्या.

मदतीचं म्हणाल तर तिचं एक टोक आपल्याच परंपरेत सापडतं. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन या मेंदूतज्ज्ञाने १९२५ मध्ये अशा मुलांविषयी लिहिलं, पुढे ॲना गिलिंगहॅम या शिक्षिकेबरोबर त्यांची पद्धत घडली: ध्वनी ऐकायचा, तोंडाने म्हणायचा, डोळ्यांनी बघायचा आणि बोटाने गिरवायचा, चारही एकदम. आज जगभरचे विशेष शिक्षक मुलांपुढे वाळूचा ट्रे ठेवतात तो या वंशातला. आपण त्याला धुळाक्षरे म्हणत होतो. फरक एकच, पण मोठा. धूळपाटीवर मूल मुकाट गिरवत बसे. इथे बोट फिरताना तोंडातून तो आवाज आलाच पाहिजे, आणि अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने न येता उपयोगाच्या क्रमाने येतात. म, न, र, ग आधी. तेवढ्यांतून ‘मगर’, ‘नगर’ असे शब्द लगेच जुळतात. घ आणि ध एकाच आठवड्यात शिकवायचे नाहीत. रोज वीस-पंचवीस मिनिटं, कालचं उजळून मग आजचं. जादू नाही यात. चिकाटी आहे, आणि क्रम आहे.

उलट, जे शाळेत सर्रास चालतं ते यातलं एकही काम करत नाही. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगतात. मी अशी एक वही पाहिली आहे. पहिल्या ओळीला ‘स्वच्छ’ बरोबर, तिसऱ्या ओळीपासून ‘सव्च्छ’, आणि खाली पानाच्या तळापर्यंत तोच, सुबक अक्षरात. त्या दिवशी त्या मुलाने चूक घोटून पक्की केली आणि शेवटी बाईंची लाल फुली मिळवली. दुसरं म्हणजे ओळीने उभं राहून मोठ्याने वाचणं. आपली पाळी येण्याआधी मुलं परिच्छेद मोजत बसतात, समोर चाललेलं काही ऐकतच नाहीत. पाळी आली की पोट दुखतं. अशा मुलाला आदल्या दिवशी सांगून ठेवावं, ‘उद्या तू या चार ओळी वाचायच्या.’ घरी तयारी होते. इतिहासाच्या उत्तरात शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेचा क्रम बरोबर असेल, तर ‘औरंगजेब’ची मात्रा चुकल्याचे गुण कापू नयेत, शुद्धलेखनाचे गुण भाषेच्या पेपरात वेगळे मोजावेत. फळ्यावरचं उतरवून घेण्यापेक्षा छापील टिपण हातात द्यावं. यातल्या कशालाही शासनाचा आदेश लागत नाही.

आदेशांच्या बाबतीत महाराष्ट्र पुढे होता, हे नोंदवायला हवं. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत रीतसर सवलती देण्याचं पाऊल महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये उचललं. देशात हे राज्य पहिलं. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. जादा वेळ, लेखनिक, स्पेलिंगच्या चुकांकडे काणाडोळा, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित, अशा त्या सवलती होत्या. मुंबईत महापालिकेच्या शीव रुग्णालयात तपासणीसाठी रांगा लागू लागल्या. केंद्राचा कायदा मागून आला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातल्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेला पहिल्यांदा जागा मिळाली. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी आणि अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं, असा नियम होता.

माझी तक्रार इथेच आहे. पालकांच्या तोंडी ‘एलडीचं सर्टिफिकेट’ हा शब्द बहुधा नववीच्या दिवाळीनंतर येतो. बोर्डाची तारीख जवळ आली की धावाधाव. सवलत दहावीत मिळते. मदत दुसरीत हवी होती. जादा वेळाने पेपर पुरा होतो, वाचायला शिकणं होत नाही. आणि सात वर्षं ‘ढ’ म्हणवून घेतलेल्या मुलाला लेखनिक मिळाला, तरी तोवर त्याने स्वतःविषयी ठरवायचं ते ठरवलेलं असतं. प्रमाणपत्रावर संशय घेणारेही आहेत: ‘श्रीमंतांची पळवाट’. काहींनी गैरफायदा घेतला असेल. पण खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी दोन-तीन खेपा घालाव्या लागतात, आईची तितकी मजुरी बुडते. त्याची पळवाट कुणी बघितली?

लेखनिकाचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हात आखडण्याचा विकार असलेल्या विकास कुमार यांना नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की अपंगत्व ठरावीक टक्क्यांच्या वर नाही एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही. सोय ही मेहेरबानी नव्हे, समानतेचाच भाग, हा त्या निकालाचा गाभा.

या विषयावर बोलताना ‘तारे जमीन पर’ टाळता येत नाही. २००७ चा सिनेमा, पाचगणीच्या शाळेत चित्रित झालेला. त्याने ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द गावोगाव नेला आणि कित्येक आईबापांना घरी जाऊन मुलाला कुशीत घ्यायला लावलं. त्याबद्दल शंभर अपराध माफ. एक अपराध मात्र सांगतोच. त्या मुलाच्या हातात अलौकिक चित्रकला होती. तेव्हापासून पालक विचारतात, ‘याच्यात कोणती कला लपली आहे?’ काही वेळा कोणतीच नसते. साधा, बरा, क्रिकेट आवडणारा मुलगा असतो. वाचता येत नसेल तर बदल्यात प्रतिभा दाखव, ही अट त्याच्यावर का?

रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्रितपणे सांगितलं की त्यांच्या उपयोगाला पुरावा नाही. खास ‘डिस्लेक्सिया फॉन्ट’चीही तीच कथा. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर मात्र काही मुलांना खरंच सोपं जातं, असं २०१२ मध्ये इटलीतल्या संशोधकांना आढळलं. टंक मोठा, ओळी मोकळ्या. फुकटचा उपाय आहे.

मूल मोठं होतं, नोकरीला लागतं. डिस्लेक्सिया वयात आल्यावर जात नाही, लपायला शिकतो. ‘चष्मा घरी राहिला’, ‘तूच वाच ना, मला घाई आहे’, ‘मेल बघतो आणि फोन करतो’. इतिवृत्त लिहायची पाळी आली की हा माणूस चहा सांगायला उठतो. जावक क्रमांक १३८६ चा १३६८ होतो आणि साहेबांचा शेरा पडतो: ‘निष्काळजीपणा’. तो काम घरी नेऊन पुन्हा पुन्हा तपासतो, इतरांच्या दीडपट वेळ देतो, हे शेऱ्यात येत नाही.

कायद्याने नोकरीतही सोय सांगितली आहे. सरकारी आस्थापनांनी वाजवी सुविधा द्यायच्या, आणि खासगी धरून प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करायचं. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्क्यात अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असे सगळे दाटीवाटीने बसवले आहेत. पण खरी अडचण जागांची नाही, सांगण्याची आहे. परदेशात रिचर्ड ब्रॅन्सनसारखे उद्योगपती आपला डिस्लेक्सिया मिरवतात. २०२२ पासून लिंक्डइनवर ‘डिस्लेक्सिक थिंकिंग’ हे कौशल्य म्हणूनही नोंदवता येतं. विमान कंपनीच्या मालकाला ते शोभतं. प्रोबेशनवरच्या लिपिकाने सांगितलं, तर कायम होण्याची ऑर्डर अडकेल अशी धास्ती त्याला असते, आणि ती खोटी नाही.

चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तपासणीवर असलेला एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. आयटीआय झालेला, पस्तिशीचा. धातूच्या तुकड्यावरून अंगठा फिरवून तो केसाएवढा ओरखडा सांगतो. शिफ्ट संपताना भरायचा अहवाल मात्र त्याचा जीव खायचा: दोष, कारण, उपाय, सगळं वाक्यांत लिहायचं. दोनदा मेमो मिळाला. नवीन आलेल्या सुपरवायझर बाईंनी एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलं, ‘दादा, लिहायला त्रास होतो का? माझ्या भावालाही होतो.’ पंधरा वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी अहवालाचा कागद बदलला. नेहमीच्या बारा दोषांची नावं छापून पुढे चौकट ठेवली, खूण करायची. वेगळं काही असेल तर मोबाइलवर मराठीत बोलायचं, फोन ते टाइप करतो. सूचना तोंडी सांगून मग एकेका ओळीत ग्रुपवर टाकायच्या, लांबलचक परिच्छेद नाही. आकडे लिहिल्यावर शेजाऱ्याला वाचून दाखवायचे. महिन्याभरात बाकीच्या तपासनीसांनीही तोच कागद मागून घेतला, कारण लांबलचक वाक्यं लिहायला कुणालाच आवडत नव्हतं.

कागदाच्या तळाला ‘इतर’ अशी एक रिकामी ओळ अजून आहे. मागच्या खेपेला त्याने ती मला फोटोत दाखवली. घाईत त्याने तिथे ‘ओरखडा’ऐवजी ‘ओखरडा’ लिहिलं होतं. मी काही बोललो नाही; तोच म्हणाला, ‘दिसलं मला नंतर.’ त्या लॉटमधले सोळा तुकडे त्याने बाजूला काढले होते.